मोटारीने ओढावयाची कॅराव्हान

कॅराव्हान : राहण्याच्या सोयी असलेले, पण स्वतःचे एंजिन नसलेले व दुसऱ्या वाहनामागे जोडून न्यावयाचे फिरते घर. तिच्या विकासाचा इतिहास हा मुख्यत्वे ओढणारे वाहन व ओढला जाणारा भार यांच्यातील तोल साधण्याचा इतिहास होय.

हौशी प्रवासासाठी बांधलेल्या कॅराव्हानचे एक आद्य उदाहरण म्हणजे इंग्लंडमधील ‘वाँडरर’. ब्रिटिश नौदलातील निवृत्त शल्यचिकित्सक विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी ती ब्रिस्टल येथे बांधवून घेतली आणि १८८५ मध्ये तिच्यातून ट्वायफर्ड ते स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेस असा प्रवास केला. सु. २ टन वजनाची ही गाडी दोन घोडे ओढीत. घोड्याची चाल हीच वेगाची मर्यादा असल्याने सपाट रस्त्यावर तोल जाण्याची भीती फारशी नव्हती. १९०७ मध्ये इंग्लंडमध्ये कॅराव्हान क्लब स्थापन झाला.

पहिल्या महायुद्धानंतर घोड्यांची जागा मोटारीने घेतली. बर्मिंगहॅम येथील एकल्स या कंपनीने १९१९ पासून मोटारीमागे जोडावयाच्या कॅराव्हान विक्रीसाठी बांधण्यास सुरुवात केली. जर्मनीत आरिस्ट डेथलेफ्स यांनी १९३१ मध्ये आपल्या चित्रकार पत्नीसाठी ‘वोनआउटो’ ही गाडी तयार केली. अमेरिकेत वॉली बायम यांची ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ १९३६ मध्ये पुढे आली. तिची ॲल्युमिनियमची काया प्रवाहरेखित होती. दुसऱ्या महायुद्धानंतर सॅम ॲल्पर यांच्या ‘स्प्राइट’ या स्वस्त व हलक्या गाड्यांमुळे मध्यमवर्गीय कुटुंबेही या प्रवासाकडे वळली.

वेग वाढताच एक नवा धोका स्पष्ट झाला. बाजूचा वारा, मोठ्या वाहनाने शेजारून जाणे किंवा सुकाणूचक्राची झटकन हालचाल यांमुळे कॅराव्हान जोडबिंदूभोवती डावी-उजवीकडे हेलकावू लागते. वेग अधिक असल्यास हे हेलकावे वाढत जाऊन दोन्ही वाहने उलटू शकतात. हेलकावे सुरू झाल्यास वेगवर्धकावरील पाय हळूहळू काढून चक्र स्थिर धरावे. जोराने ब्रेक लावणे वा वेग वाढविणे घातक ठरते.

यावरील खरा उपाय भरणीपासूनच सुरू होतो. जड सामान आसाजवळ व तळाशी ठेवतात. टोकांना ठेवल्यास हेलकाव्यांचा जोर वाढतो. जोडणीवर पडणारा भार कॅराव्हानच्या वजनाच्या सु. ५ ते ७% असावा, तसेच भरलेल्या कॅराव्हानचे वजन मोटारीच्या वजनाच्या ८५% पेक्षा अधिक नसावे, असा ब्रिटनमधील संकेत आहे. मोटार मंदावताच कॅराव्हान पुढे रेटली जाते. याच रेट्याने तिचे ब्रेक लागतात. जोडणी निसटल्यास सुरक्षा-तार ब्रेक ओढते. घर्षणाने हेलकावे रोखणारी साधने व पुढे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणेही प्रचारात आली. मात्र चुकीच्या भरणीला ती पर्याय ठरत नाहीत.

ब्रिटनमध्ये कॅराव्हान ओढणाऱ्या मोटारीस द्रुतगती मार्गावर ताशी ६० मैल (सु. ९६ किमी.) व एकेरी रस्त्यावर ५० मैल (सु. ८० किमी.) एवढी कमाल वेगमर्यादा आहे. १९९७ पासून मोटार चालविण्याची परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांना जड जोडवाहनांकरिता तेथे वेगळी परीक्षा द्यावी लागे. डिसेंबर २०२१ मध्ये ती रद्द झाली व ३,५०० किग्रॅ.पर्यंतचे जोडवाहन ओढण्यास साधा परवाना पुरेसा ठरला. परिणामी तोलाचे ज्ञान मिळविण्याची जबाबदारी आता मुख्यतः चालकावरच आली आहे.