आठव्यातलं बाळ

वर्तकनगरच्या म्हाडा वसाहतीत कुणाकडे दिवसांआधी बाळंतपण झालं की बायका आधी वजन विचारत नसत. ‘कितव्यातलं?’ सातव्यातलं म्हटलं की हुश्श. सातमासं जगतं. आठव्यातलं म्हटलं की सगळ्या गप्प. मी सायन हॉस्पिटलात नवजात विभागात नर्स, ठाण्याहून गाडीने जा-ये करणारी. जिन्यात अडवून मलाच विचारायच्या, ‘खरंच जगत नाही का हो सिस्टर?’

हा समज काही आमच्या आज्यांनी काढलेला नव्हे. आठव्या महिन्यात ओज अस्थिर असतं, आईकडून गर्भाकडे आणि गर्भाकडून आईकडे ये-जा करतं, म्हणून तेव्हाचा जन्म धोक्याचा, असं चरकसंहितेत आहे. सुश्रुत तर बाळ जगत नाही म्हणून मोकळा होतो आणि मांस-भाताचा बळी द्यायला सांगतो. ग्रीकांकडेही हिपोक्रेटिसच्या नावावर आठमाही गर्भावर ग्रंथ आहे, सूर तोच.

खरं तर उलट आहे. श्वास सोडल्यावर फुप्फुसं मिटू नयेत म्हणून आतून एक थर लागतो, सर्फॅक्टंट. तो साधारण ३४-३५ आठवड्यांनंतर पुरेसा होतो. म्हणजे आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा सरसच. मग समज टिकला कसा? मला वाटतं, हिशेब मागाहून व्हायचा. जगलं तर ‘अगं, सातवाच असेल, तुझी तारीख चुकली.’ गेलं तर आठवा. पाळीची तारीख लिहून ठेवत होतं कोण?

आठवा ठरला की धावपळच मंदावे. कापसात गुंडाळायचं, शेगडी जवळ ओढायची, मधाचं बोट चाटवायचं आणि पाचवीची वाट बघायची. यातला कापूस शहाणपणाचा. मध आणि धूर मात्र जिवावरचे.

हॉस्पिटलात आणलं की ‘पेटीत ठेवलंय’. त्या काचेच्या पेटीचा भारी दरारा! आई बाहेर, बाळ आत. पण सायनला डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी बाटली आणि पावडरचं दूध हद्दपार केलं, आयांना आत घेतलं आणि १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उभी केली. आयांनी काढून दिलेलं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवायचं, नमुना तपासणीला पाठवायचा, उरलेलं उणे २० अंशांवर गोठवायचं. लहानग्याला ते नाकातल्या नळीतून द्यायचं. सिरिंजचा दट्ट्या काढून ती उंच धरायची. मग थेंब आपसूक उतरतात. ढकलायचं नाही.

‘कुठल्या बाईचं दूध?’ हे आज्या विचारायच्याच. तरी बाळ वाचतंय म्हटल्यावर घेण्याला फारशी आडकाठी येत नसे. हुज्जत व्हायची ती देण्यावरून. ‘आपल्याच पोराला कमी पडेल.’ काढलं की दूध वाढतं, हे सुनेला दोन दिवसांत कळे. सासूला पटवताना आमची दुपार जाई.