रंधा
लाकडाच्या पृष्ठभागावरून पातळ ढलप्या काढून तो सपाट व गुळगुळीत करण्याचे सुतारी हत्यार. यात धारदार पाते ठोकळ्याच्या खाचेत तिरपे बसविलेले असून त्याची धार तळाच्या किंचित बाहेर असते. मोकळ्या हाताने चालविलेली पटाशी लाकडात कमीअधिक खोल शिरते. रंध्याचा सपाट तळ मात्र पात्याला मर्यादा घालतो. त्यामुळे कामाची अचूकता काही अंशी हत्यारातच सामावलेली असते. तथापि पात्याची मांडणी आणि धार ही वापरणाऱ्यावरच अवलंबून असतात. यांपैकी मांडणी यंत्ररचनेने सुलभ झाली. धार मात्र हातावरच राहिली.

प्राचीन ईजिप्तमधील सुतार वाकसाने लाकूड तासून वाळूच्या दगडाने ते घासून गुळगुळीत करीत. तेथे रंधा वापरात असल्याचा पुरावा मिळत नाही. रोमन काळातील रंधे मात्र उपलब्ध आहेत. इ. स. ७९ मध्ये व्हीस्यूव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पाँपेई येथेही ते सापडले आहेत. आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकाराच्या १५१४ मधील ‘मेलंकोलिया’ या उत्कीर्णनातही रंधा दिसतो. या दीर्घ काळात पाते सामान्यतः लाकडी पाचरीने आवळीत व हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी त्याची खोली कमीजास्त करीत. ठोका किती द्यावा, हे उमेदवारीत मिळालेल्या अनुभवानेच कळे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये मुख्य पात्यावर दाबपट्टी बसविण्याची पद्धत रूढ झाली. धारेजवळची ही पट्टी ढलपी लगेच वाकविते. त्यामुळे उलट्या रेषांचे लाकूड उचकटण्याचे प्रमाण कमी होते.

लेनर्ड बेली या अमेरिकन संशोधकाने १८५० नंतरच्या दोन दशकांत धातूच्या रंध्यात महत्त्वाच्या सुधारणा केल्या. त्याच्या रचनेत बिडाच्या ठोकळ्यातील पाते तरफेच्या झाकणाने आवळले जाते व त्याची खोली आट्यांच्या चाकाने बदलता येते. १८६९ मध्ये स्टॅन्ली रूल अँड लेव्हल कंपनीने बेलीचा व्यवसाय विकत घेतला. पुढे ही रचना जगभर अनुकरणीय ठरली. पाचर आणि ठोका यांचे कसब चाकाने सोपे केल्यामुळे रंधा हौशी माणसाच्याही आवाक्यात आला. बोथट पाते मात्र कोणत्याही चाकाने कापू लागत नाही. विजेवर चालणाऱ्या हत्यारांमुळे घराघरांतील जुने रंधे अडगळीत पडले. त्यांपैकी अनेकांत दोष एवढाच असतो, की पात्याला धार नसते.

घरगुती कामासाठी बेली पद्धतीचा चार क्रमांकाचा रंधा (लांबी सु. २४ सेंमी., पात्याची रुंदी सु. ५ सेंमी.) सोयीचा असतो. जुना रंधा घेताना बिडाला तडा नाही ना, तळ सरळ पट्टीशी जुळतो का आणि पात्याची पुरेशी लांबी शिल्लक आहे का, हे पाहावे. वरवरचा गंज काढता येतो. धारेलगतच्या सपाट बाजूस गंजाने खोल खड्डे पडले असल्यास मात्र पाते टाळावे. पात्याची उतरती बाजू सु. २५° कोनात घासून धारेची कड सहाणदगडावर सु. ३०° कोनात लावतात. सपाट बाजू धारेपाशी आरशासारखी चकचकीत झाली पाहिजे, कारण दोन गुळगुळीत पृष्ठभाग जेथे मिळतात तेथेच खरी धार तयार होते. पाते प्रथम आत घेऊन हळूहळू बाहेर काढावे व रंधा लाकडाच्या चढत्या रेषांच्या दिशेने चालवावा. आरंभी पुढच्या मुठीवर व शेवटी मागच्या मुठीवर दाब दिल्यास फळीची टोके उतरत नाहीत.

काम संपल्यावर ढलप्या झाडून तळास तेलाचा पुसट हात द्यावा. पावसाळ्यात हे विशेष आवश्यक असते. ठेवताना पुढच्या टोकाखाली पातळ लाकडी पट्टी सरकविल्यास धार टेकत नाही. बीड ठिसूळ असल्याने खाली पडलेला रंधा तडकू शकतो. अशी निगा राखलेला रंधा एका पिढीकडून दुसरीकडे जातो. मात्र धार लावण्याची रीतही त्याच्याबरोबर गेली, तरच तो उपयोगी पडतो.