संदेशाची वाट कोण ठरवितो?

नांदेडच्या ईशान्येस, मुदखेडहून आदिलाबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर हिमायतनगर हें गांव आहे. जुनीं माणसें त्यास अजून वाढोणा म्हणतात. तेथून मुंबईस निघालेल्या प्रवाशास मुदखेड, नांदेड, परभणी, मनमाड ही वाट आधींच ठाऊक असते. परंतु त्याच गांवांतून मुंबईंतील मुलास इंटरनेटवरून धाडलेला संदेश कोणत्या वाटेनें जाईल, हें धाडणाऱ्या आईबापांस ठाऊक नसतें. ती वाट कोण ठरवितो, याचा थोडा इतिहास आज सांगावयाचा आहे.

इंटरनेट हा हजारों स्वतंत्र संस्थानांचा समूह आहे. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत राहिलेल्या मराठवाड्यास ही उपमा परकी वाटूं नये. प्रत्येक संस्थानास एक क्रमांक असतो, आणि त्याच्या सीमेवर राउटर नांवाचें यंत्र द्वारपालाचें काम करतें. या संस्थानांमधील जुनी पद्धत एका मध्यवर्ती जाळ्यावर विसंबून होती. आडवे रस्ते वाढले तशी ती अपुरी पडूं लागली. जानेवारी १९८९ मध्यें अमेरिकेंतील ऑस्टिन शहरीं अभियंत्यांची सभा भरली असतां कर्क लॉहीड व याकोव्ह रेख्टर यांनीं भोजनाच्या मेजावर, हात पुसण्याच्या कागदांवरच, नव्या पद्धतीचा आराखडा काढला. तीच बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल, म्हणजे बी. जी. पी. त्याच वर्षीं जूनमध्यें ती प्रसिद्ध झाली. आज चालते ती चौथी आवृत्ति १९९४ सालीं प्रथम निघाली.

या पद्धतींत शेजारी शेजाऱ्यास सांगतो, 'अमुक पत्त्यास माझ्याकडून वाट आहे, आणि ती या या संस्थानांतून जाते.' एकाच पत्त्याच्या अनेक वाटा कळल्या म्हणजे त्यांतील सर्वांत जवळची घेतली जात असेल, असें आपणांस वाटेल. परंतु प्रथम पाहतात ती संस्थानाच्या चालकाची पसंती. बहुतेक यंत्रांत पसंतीचा मूळ अंक १०० असतो. चालकानें एका वाटेचा अंक २०० केला, कीं दुसरी कितीही आंखूड असली तरी मागें पडते. पसंती सारखी असली तरच वाटेंतील संस्थानें मोजून कमी संस्थानांची वाट घेतात. तेथेंही बरोबरी झाल्यास आणखी कांहीं कसोट्या लावतात. आपल्या हद्दींतून बाहेर पडण्याचा जवळचा दरवाजा ही त्यांपैकीं एक. आपल्याकडे येणारी एखादी वाट इतरांस लांब भासावी म्हणून कोणी तींत स्वतःचाच क्रमांक दोन-तीनदां लिहितो.

करार नसेल तेथें मात्र वाटच नसते. भारतांत सामान्य जनतेस १५ ऑगस्ट १९९५ पासून इंटरनेट मिळूं लागलें. परंतु येथील दोन कंपन्या परस्परांस जोडलेल्या नसल्या, तर शेजारच्या घरीं धाडलेला संदेशही परदेशीं जाऊन परत येई. हा फेरा चुकावा म्हणून २००३ सालीं नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. देशांतल्या देशांत संदेशांची देवघेव करण्याची तिचीं केंद्रें मुंबईसह निरनिराळ्या शहरीं आहेत.

सर्व पसंतींच्या आधीं एक नियम आहे: अधिक नेमक्या पत्त्याची वाट नेहमीं वरचढ ठरते. २४ फेब्रुवारी २००८ रोजीं पाकिस्तान टेलिकॉमनें आपल्या देशापुरतें यूट्यूब बंद करण्यासाठीं अशीच एक नेमकी, पण खोटी वाट जाहीर केली. हाँगकाँगच्या एका कंपनीनें ती न पारखतां पुढें सांगितली, आणि सुमारें दोन तास जगांतील पुष्कळ प्रेक्षकांस यूट्यूब मिळेना.

तेव्हांपासून पारखण्याचीं साधनें वाढलीं आहेत. वाट सांगणारा त्या पत्त्याचा खरा धनी आहे काय, हें आतां सहीच्या दाखल्यावरून तपासतां येतें. मधला मार्ग खरा कीं खोटा, हें मात्र त्या दाखल्यावरून कळत नाहीं. म्हणून यंत्रांत पसंतीचा अंक लिहिणाऱ्या आणि शेजाऱ्याचा शब्द पारखणाऱ्या माणसाची जबाबदारी आजही मोठी आहे. वाढोण्याचा निरोप मुंबईस सुखरूप पोंचतो, तो अशा कित्येक अनोळखी माणसांच्या दक्षतेमुळें.