टाळ्यांवांचून मैफल

नव्या कलेस रसिक मिळत नाहींत, ही तक्रार आम्ही नेहमीं ऐकतों. पण तिला कांहीं काळ रसिकांच्या गर्दीपासूनच दूर ठेवावें, असें कोणी सुचविलें तर त्याला आम्ही वेड्यांत काढूं. आर्नोल्ड शेनबर्ग ह्या संगीतरचनाकारानें नोव्हेंबर १९१८ मध्यें व्हिएन्ना शहरांत नेमका हाच उपाय योजिला. महायुद्ध नुकतेंच संपलें होतें, साम्राज्य मोडलें होतें, अन्नाची व कोळशाची वाण पडली होती. अशा वेळीं त्यानें आपल्या शिष्यवर्गासह खाजगी संगीतप्रयोगांची एक मंडळी स्थापिली.

मंडळीचे नियम चमत्कारिक होते. प्रवेश केवळ वर्गणीदार सभासदांस. वर्तमानपत्री टीकाकारांस दार बंद. काय वाजणार हें आधीं सांगावयाचें नाहीं. टाळ्या आणि शिट्ट्या दोन्ही वर्ज्य. ह्या कडकपणामागें अनुभव होता. ३१ मार्च १९१३ रोजीं त्याच शहरांत शेनबर्गनें चालविलेल्या जलशांत, आल्बान बेर्गचीं गीतें चालू असतां, श्रोत्यांत हातघाई होऊन जलसा अर्ध्यावर सोडावा लागला होता. आमचा गवई दादेवर फुलतो. त्यामुळें ही शांतता आमच्या कानांस कोरडी वाटेल. परंतु तेथील प्रश्न निराळा होता. कृति आवडली कीं नाहीं हें ठरण्यापूर्वीं ती नीट ऐकूं तरी आली काय?

म्हणून बेर्ग, वेबर्न ही मंडळी तालमींवर जातीनें देखरेख करीत, आणि एकच कृति पुनःपुन्हा ऐकवीत. २९ डिसेंबर १९१८ च्या पहिल्याच जलशांत माहलरची सातवी सिंफनी पियानोवर चार हातांनीं वाजली. मोठा वाद्यवृंद परवडत नव्हता. पण वाद्यांचे रंग काढले म्हणजे रचनेचें खरें रूप कळतें, असेंही ते म्हणत. ह्यांत थोडा गरजवंताचा युक्तिवाद आहे. तथापि एर्विन श्टाइननें १९२१ मध्यें सिद्ध केलेलें माहलरच्या चौथ्या सिंफनीचें लहान रूप आजही वाजविलें जातें, तेव्हां तो अगदींच पोकळ नव्हता. त्याच पहिल्या रात्रीं डेब्यूसीचीं गीतेंही होतीं. आणि फ्रान्स हें तर महिन्या-दोन महिन्यांपूर्वींपर्यंत शत्रुराष्ट्र! स्वतःच्या रचना मात्र शेनबर्गनें आरंभीं बराच काळ येथें वाजूं दिल्या नाहींत. संस्था काढून प्रथम आपलाच सत्कार घडविणाऱ्यांची आम्हांस ओळख असल्यामुळें ही गोष्ट विशेष वाटते.

तीन वर्षांत ११७ जलसे झाले, १५४ कृति वाजल्या. टीकाकारांस दार लावतां आलें, महागाईस लावतां आलें नाहीं. चलनाचें मोल घसरत गेलें. अखेर २७ मे १९२१ रोजीं योहान स्ट्राउसच्या वाल्ट्झ नृत्यरचना, म्हणजे व्हिएन्नाच्या पोरासोरांच्याही तोंडीं असलेलें संगीत, शेनबर्ग, बेर्ग व वेबर्न ह्यांनीं लहान मेळासाठीं मांडून स्वतः वाजविल्या, आणि त्यांचीं हस्तलिखितें लिलावांत विकलीं. कोणास ह्याचें हंसूं येईल. आम्हांस येत नाहीं. ज्या हातांनीं ह्या वाल्ट्झ मांडल्या, त्यांनीं त्या तुच्छतेनें मांडलेल्या नाहींत.

डिसेंबर १९२१ मध्यें जलसे थांबले. त्याच वर्षीं तिघा शिष्यांनीं ब्रुकनरच्या सातव्या सिंफनीचें लहान रूप आपसांत वाटून घेऊन तयार केलें होतें. तें वाजविण्याची पाळी मंडळीवर आलीच नाहीं.