पोरगा घडवला कुणी, नेला कुणी?

मंडळी, थंडी पडली की आपल्या अलिबाग-मुरूड-पेण पट्ट्यात प्रकाशझोतातल्या कबड्डीचे बॅनर लागतात आणि जुनं भांडणही वर येतं. "आमचा पोरगा त्यांनी फोडला!" पत्रकारितेत आल्यापासून दर हंगामात हे ऐकतोय.

हे सगळं प्रो कबड्डीनं आणलं, असं बरेच जण म्हणतात. मला नाही पटत. लीग आली २०१४ साली. पहिल्या लिलावात राकेश कुमारला १२ लाख ८० हजार मिळाले, तेव्हा आपण तोंडात बोटं घातली. २०२३ ला पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाखांची बोली लागली. पण फोडाफोडी त्याआधीची. मुंबईत गिरण्या, रेल्वे, बँका, पोर्ट ट्रस्ट यांचे संघ होते आणि खेळावर नोकरी मिळायची. कोकणातल्या पोरासाठी एक चांगली चढाई म्हणजे कायमचा पगार! गावचं मंडळ त्याला कुठल्या तोंडानं थांबवणार? १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचा तो दरवाजा मिटत गेला. स्पर्धांत आजही 'स्थानिक' आणि 'व्यावसायिक' असे वेगळे गट दिसतात, ते याच फरकामुळे.

गावातली ओढाताण मात्र वेगळी. सात मैदानात, पाच राखीव, म्हणजे बारा जण. एका गावात दोन आळ्यांची दोन मंडळं झाली की चोवीस हवेत. कुमार गटात वय आणि वजन दोन्ही बघायचं. छोट्या कोळीवाड्यात एवढी पोरं आणायची कुठून? मग शेजारच्या गावात बूट, ट्रॅकसूट, प्रवासखर्च घेऊन माणूस जातो. राग येतो तो पोरगा गेल्याचा नाही (पोटासाठी जाणारच की). पाच वर्षं मातीत घाम गाळून घेणाऱ्या मंडळाच्या हाती काहीच उरत नाही, याचा येतो.

फुटबॉलनं यावर तोडगा काढलाय. फिफाच्या २००१ च्या नियमांपासून खेळाडूची बदली पैसे देऊन झाली, की त्यातले ५ टक्के त्याला १२ ते २३ वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. गल्लीतला छोटा क्लबही हक्कानं मागतो.

आपल्याकडे सुरुवात छोटी करता येईल. ज्या संघात तीन-चार बाहेरची पोरं खेळली, त्यानं बक्षिसातला थोडा वाटा त्यांच्या पहिल्या मंडळाला द्यावा, आणि उद्घोषकानं चढाईच्या वेळी त्या मंडळाचं नावही घ्यावं. यंदा कुठलं आयोजक मंडळ तयार आहे? कमेंटमध्ये सांगा, बातमी मी करतो.