पतंगांच्या नोंदी ठेवणारी माणसे

आपल्या साहित्यात पतंग येतो तो जळण्यासाठी. गीतेच्या अकराव्या अध्यायात ज्वाळेत शिरणाऱ्या पतंगांची उपमा आहे, तिच्यावर ज्ञानदेवांचे निरूपण आहे. पुढे फारसी-उर्दूच्या वाटेने शमा आणि परवाना हे जोडपे आले आणि पतंग कायमचा प्रेमिक होऊन बसला. प्रत्यक्षात त्याला दिव्याची ओढ असते असे दिसत नाही. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेल्या चित्रणावरून असे आढळले की, उडणारा कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवतो. रात्रीचे आकाश जमिनीपेक्षा उजळ असते, म्हणून ही सवय त्याला एरवी सरळ उडायला मदत करते. जवळ दिवा आला की तो त्याच्याकडे पाठ कलती करत राहतो आणि त्या फेऱ्यात अडकतो. प्रेम नाही, आत्मार्पण नाही, दिशाभूल आहे.

पतंगाला रूपक न करता त्याच्याकडे पाहणाऱ्या माणसांचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकांनी वाचावा असे आम्हांला वाटते. त्यातले कितीतरी जण व्यवसायाने शास्त्रज्ञ नव्हते.

या इतिहासातली प्रसिद्ध कथा इंग्लंडमधल्या 'पेपर्ड मॉथ'ची. फिकट पंखांवर मिरपूड शिंपडल्यासारखे ठिपके असलेला हा पतंग. त्याचा पूर्ण काळा नमुना 1848 साली मँचेस्टरमध्ये मिळाला, आणि शतक संपता संपता त्या परिसरात शंभरातले सुमारे 98 काळेच होते. गिरण्यांच्या धुराने झाडांवरचे दगडफूल मेले, खोडे काळवंडली, त्यांवर बसलेले फिकट पतंग पक्ष्यांना सहज दिसू लागले, हे स्पष्टीकरण 1896 साली मांडणारे जे. डब्ल्यू. टट हे पेशाने शिक्षक. 1950च्या दशकात प्रयोग करून ते तपासणारे बर्नार्ड केटलवेल मुळात डॉक्टर. त्यांच्या प्रयोगांवर पुढे बरेच आक्षेप घेतले गेले. मायकेल मजेरस यांनी 2001 नंतर सहा वर्षे 4,864 पतंग सोडून पुन्हा तपासणी केली, तिचे निष्कर्ष त्यांच्या मृत्यूनंतर 2012 साली प्रसिद्ध झाले आणि टट यांचे म्हणणे टिकले.

आम्हांला मात्र या कथेतले सर सिरिल क्लार्क अधिक लक्षणीय वाटतात. हेही वैद्यकातलेच. लिव्हरपूलजवळच्या आपल्या घरी 1959 पासून त्यांनी दिव्याचा सापळा लावला आणि सापडलेल्या पतंगांत काळे किती, फिकट किती, एवढेच वर्षानुवर्षे लिहून ठेवले. प्रारंभी शंभरात नव्वदांहून अधिक काळे होते. शतक संपेपर्यंत ते अल्पसंख्य झाले. 1956च्या स्वच्छ हवा कायद्याचा परिणाम असा एका घराच्या अंगणात मोजला गेला. अशा वहीतले एखादे पान वाचून काहीच कळत नाही. चाळीस वर्षांची पाने एकत्र ठेवली की ती बोलू लागतात.

हीच गोष्ट देशभर करण्याचे श्रेय हर्टफर्डशरमधल्या रॉथॅम्स्टेड या शेतीसंशोधन केंद्राचे. तेथे सी. बी. विल्यम्स यांनी 1933 साली प्रकाशसापळा उभारला होता. 1968 पासून तशाच सापळ्यांचे जाळे देशभर पसरले आणि ते चालवायला बहुतांशी स्वयंसेवक पुढे आले. या सापळ्यात सापडलेले कीटक मरतात, ही त्या पद्धतीची बोचणारी बाजू. हौशी निरीक्षक पेटीत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे ठेवतात, पतंग त्यांच्या खाचांत विसावतात आणि ओळख पटली की सोडले जातात. पण 1968 ते 2017 या काळात ब्रिटनमधल्या मोठ्या पतंगांची एकूण संख्या 33 टक्क्यांनी घटली, हे कळले ते रॉथॅम्स्टेडच्या आकड्यांवरून. एकसारखा दिवा आणि न चुकवलेल्या रात्री नसत्या, तर ही घट केवळ म्हाताऱ्या माणसांची हळहळ म्हणून सोडून दिली गेली असती.

आपल्याकडची सुरुवातही हौशी मंडळींचीच. 1883 साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांत कर्नल चार्ल्स स्विन्हो होते. मुंबई आणि दख्खनच्या फुलपाखरा-पतंगांवर त्यांनी 1885 साली लेखन प्रसिद्ध केले. त्या आठांत दोघे आपले होते: प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. पुढे जॉर्ज हॅम्पसन यांचे भारतीय पतंगांवरचे चार खंड 1892 ते 1896 या काळात आले. पतंगांशी ज्यांचे पोट बांधलेले होते, ते भंडारा-गडचिरोलीकडे ऐनाच्या झाडांवर कोशाचे पीक घेणारे ढिवर मात्र या ग्रंथव्यवहाराबाहेरच राहिले. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी ज्ञानव्यवहाराविषयी आपण इतके बोलतो, त्यात ही फारकत क्वचितच येते.

2012 साली अमेरिकेतल्या न्यू जर्सीत सुरू झालेला 'नॅशनल मॉथ वीक' जुलैच्या अखेरीस असतो आणि आता भारतातही पाळला जातो. आपल्याकडे ते दिवस ऐन पावसाळ्याचे, म्हणजे पतंगांच्या सुगीचे. पांढरी चादर ताणायची, तिच्यापुढे दिवा लावायचा, बसलेल्या प्रत्येकाचे छायाचित्र घ्यायचे. नाव ठाऊक नसले तरी चालते, ते पुढे जाणकार ठरवतात. आणि चादरीवर काहीच आले नाही, त्या रात्रीचेही लिहावे लागते: तारीख, ठिकाण, पाऊस होता की नाही, दिवा किती वेळ जळला, आणि शेवटी शून्य.