टाकी उतरवून पाणी का भरतात?

माझगावात १७७४ साली छोटी गोदी बांधली गेली. पुढच्या शतकात वाफेची जहाजे आली, आणि बॉयलर फुटण्याचे भयही. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलरचा स्फोट झाला, तेव्हा बंगालने १८६४ मध्ये तपासणीचा कायदा केला. त्यातला धडा आज एलपीजीवरच्या गाड्यांनाही लागू आहे. दर पाच वर्षांनी टाकी रिकामी करून उतरवतात, कारण पट्ट्याखालचा गंज एरवी दिसत नाही. मग तीत पाणी भरून दाब देतात. पाणीच का? दाबलेली हवा स्प्रिंगसारखी ऊर्जा साठवते. पाणी जेमतेम दाबले जाते. टाकीला तडा गेलाच, तर पाणी गळते, तुकडे उडत नाहीत. परत बसवल्यावर सांध्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहतात. वर्गात सिरिंजचे तोंड बोटाने बंद करा. आधी हवा, मग पाणी भरून दट्ट्या दाबा. फरक बोटालाच कळेल.